सॉफ्ट-क्लोज खण: आधी लाकूड, मग चॅनल

ओट्याखालचा खण हलकेच ढकलला की शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरांत तो आपणहून आत ओढला जातो आणि आवाज न करता मिटतो. या सोयीला बाजारात सॉफ्ट-क्लोज म्हणतात. ती बिघडली की खण धाडकन आपटतो, बोटभर उघडा राहतो किंवा मध्येच अडतो. तिन्ही तक्रारींवर एकच उपाय सुचवला जातो: चॅनल बदला. हा खर्च पुष्कळदा टाळता येतो. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरसारख्या गावी, जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे नवे चॅनलही वर्षभरात तसेच वागू लागण्याची शक्यता असते. त्याचे कारण चॅनलमध्ये नव्हे, ते ज्या फळीवर बसवले आहे त्या फळीत असते.

आधी यंत्रणा समजून घ्यावी. सर्वांत जास्त वापरात असलेले चॅनल खणाच्या दोन्ही बाजूंना बसते. त्याला सुतार टेलिस्कोपिक चॅनल म्हणतात. त्यात एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये जाळीदार पट्टीत बसवलेले पोलादी छर्रे असतात. एक पट्टी कपाटाच्या बाजूला, एक खणाला आणि मधली दोघींना जोडणारी. साधे चॅनल इथेच संपते. सॉफ्ट-क्लोज चॅनलच्या मागच्या टोकाला प्लास्टिकची एक लांबट डबी जास्तीची असते. डबीत तीन भाग असतात: ताणलेली स्प्रिंग, एक छोटा आकडा आणि बोटापेक्षा बारीक असा बंद सिलिंडर, म्हणजे डॅम्पर.

खण उघडताना त्याच्यावरची खुंटी आकड्याला पुढे ओढते. त्याबरोबर स्प्रिंग ताणली जाते. ठरावीक अंतरावर आकडा खाचेत कलंडतो, तिथेच अडकून राहतो आणि खुंटीला मोकळे सोडतो. खण परत येताना खुंटी आकड्याला ठोकते, आकडा खाचेतून सुटतो आणि स्प्रिंग खणाला आत खेचते. नुसती स्प्रिंग असती तर खण आणखी जोरात आपटला असता. तिच्या उलट बाजूने डॅम्पर काम करतो. त्याच्या सिलिंडरमध्ये बहुधा सिलिकॉन तेल असते, आणि दट्ट्या आत जाताना या तेलाला अगदी अरुंद वाटेने एका बाजूकडून दुसरीकडे जावे लागते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा दाबला की हळू दाबताना तो जातो आणि जोराने दाबताना अडतो; डॅम्परचा स्वभाव असाच आहे. वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. म्हणून घाईने ढकललेला खणही शेवटी सावकाश मिटतो.

ही यंत्रणा घरोघरी पोचून फार काळ झालेला नाही. ऑस्ट्रियातल्या फोरार्लबर्ग प्रांतात 1952 मध्ये ज्युलियस ब्लूम यांनी सुरू केलेल्या कारखान्याचे पहिले उत्पादन घोड्याच्या नालाला लावायचे खिळे होते. त्याच कंपनीने 2001 मध्ये ‘ब्लूमोशन’ नावाने फर्निचरसाठी डॅम्पर बाजारात आणला. पुढे जर्मनीची हेटिक आणि इतर कंपन्यांचे असे चॅनल भारतातही मिळू लागले. मॉड्युलर किचनची लाट मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावी आली तेव्हा हे चॅनल तिच्याबरोबर आले. त्यांच्या दुरुस्तीची माहिती मात्र तितक्या वेगाने आली नाही. चिमूरहून नागपूरच्या इतवारीतली लोहाओळी सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. चुकीच्या मापाचे चॅनल आणले तर एक दिवस वाया जातो. म्हणून निदान घरीच आणि नीट होणे इथे शहरापेक्षा महत्त्वाचे ठरते.

आता लाकडाकडे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात घरातल्या लाकडातले पाणी त्याच्या वजनाच्या पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरते, तर श्रावणात ते पंधरा टक्क्यांच्या आसपास चढते. पाण्याचा कूलर लावलेल्या घरात हे गणित आणखी गुंतागुंतीचे होते, कारण बाहेर लू वाहत असताना आत दमट हवा असते. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते लांबी-रुंदीत फारसे वाढत नाही. जाडीला मात्र असा कोणताही आवर नसतो. 18 मिलिमीटरची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जाडीत पाव ते अर्धा मिलिमीटर फुगू शकते.

अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण बाजूच्या चॅनलसाठी खण आणि कपाट यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, जागा लागते आणि तिच्यात एक मिलिमीटरचीही सूट नसते. खणाच्या दोन बाजू आणि कपाटाच्या दोन बाजू अशा चार फळ्या थोड्या थोड्या फुगल्या की ही जागा कमी होते. छर्रे पट्टीत दाबले जातात, खण जड चालतो आणि स्प्रिंगची ताकद त्याला शेवटपर्यंत ओढायला अपुरी पडते. घरच्यांना वाटते स्प्रिंग गेली. दिवाळीपर्यंत लाकूड सुकते आणि खण पुन्हा मिटू लागतो. जो खण आषाढात बिघडतो आणि कार्तिकात आपोआप बरा होतो, त्याचे चॅनल बदलण्यात अर्थ नाही. तिथे फळी एका बाजूने किंचित रंधून किंवा चॅनलखालची पट्टी पातळ करून जागा द्यावी.

याउलट तक्रार उन्हाळ्यातली. फळ्या आक्रसतात, जागा वाढते, खण डुलतो आणि त्याची खुंटी आकड्यावर नीट न बसता बाजूने घसरते. इथला जुना उपाय सोपा आहे: सनमायकाची एक मिलिमीटर जाडीची पट्टी कापून चॅनल आणि फळी यांच्यामध्ये सारायची. कामानंतर उरलेले सनमायकाचे तुकडे म्हणूनच फेकू नयेत.

पार्टिकल बोर्डाची गोष्ट वेगळी आणि वाईट आहे. भुशाचे बारीक कण चिकटवून केलेला हा बोर्ड पाण्याने फुगला की सुकल्यावर मूळ जाडीवर परत येत नाही. सिंकखालच्या खणात नळाची एक गळती पुरते. फुगलेल्या बोर्डात स्क्रूची पकड संपते आणि चॅनल खणाच्या वजनाने खाली झुकते. असा बोर्ड दिसला की चॅनलचा विचार सोडून ती फळीच बदलावी. नव्या फळीसाठी प्लाय घेताना त्यावरचा भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. आयएस 303 हा सर्वसाधारण कामाचा प्लाय. आयएस 710 हा मरीन प्लाय, ज्याचा डिंक 72 तास उकळूनही सुटू नये अशी अपेक्षा असते. सिंकच्या खाली आणि शेजारी दुसराच घ्यावा. इतर खणांसाठी पहिल्याच्या पाणी सोसणाऱ्या प्रतीनेही भागते, मात्र कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. प्लायमध्ये पाणी बहुतेक कडेनेच शिरते.

चंद्रपूर-गडचिरोलीत याला एक चांगला पर्याय घरातच सापडू शकतो. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या सागाची ख्याती देशभर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी 2023 मध्ये साग बल्लारपूरहूनच गेला. या भागातल्या जुन्या घरांत सागाची कपाटे आणि फडताळे अजून आहेत. त्यांचे खण लाकडाच्या पट्टीवर लाकूड घासतच चालायचे, आणि पट्टीला मेणबत्ती चोळणे एवढीच त्यांची देखभाल होती. अशा खणाला नवे चॅनल लावता येते. साग ओलाव्याने कमी हलतो, त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही आणि स्क्रूही त्यात घट्ट बसतो. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. कोरड्या जुन्या सागात आधी बारीक छिद्र न पाडता स्क्रू पिळला तर कडेला फळी फाटते. आणि सागात सिलिका असल्यामुळे ड्रिलची टोके लवकर बोथट होतात. बोथट टोकाने पाडलेले छिद्र वेडेवाकडे होते आणि चॅनल तिरके बसते.

निदानाला खण रिकामा करून सुरुवात करावी. भरलेल्या खणाने काहीच कळत नाही. रिकामा खण नीट मिटत असेल तर दोष वजनाचा आहे. बाजूच्या चॅनलची क्षमता बहुधा 30 ते 45 किलोंच्या दरम्यान असते, पण ती लांबीवर आणि पट्टीच्या जाडीवर अवलंबून असते आणि खणाच्या स्वतःच्या वजनासह धरायची असते. स्टीलची ताटे, परात, तांदळाचे डबे एकाच रुंद खणात ठेवले की ही मर्यादा भरायला वेळ लागत नाही. जड वस्तू सर्वांत खालच्या खणात आणि मागच्या बाजूला हलवून पाहाव्यात. एवढ्यानेच अनेक खण सुधारतात.

रिकामा खणही अडत असेल तर तो बाहेर काढावा. बाजूच्या चॅनलमध्ये खण पूर्ण ओढला की आतल्या पट्टीवर काळी प्लास्टिकची जीभ दिसते. दोन्ही बाजूंच्या जिभा एकाच वेळी दाबायच्या असतात, पण बहुतेक बनावटींत एक वर आणि दुसरी खाली. कारण उजवे आणि डावे चॅनल एकच असते, उलटे फिरवून लावलेले. दोन्ही खाली दाबत राहिल्याने जीभ मोडते. हा बिघाड दुरुस्तीच्या नावाखालीच होतो.

खण निघाल्यावर आकडा पाहावा. खण ठेवताना घाई झाली किंवा मुलाने बोट घातले की आकडा आपल्या खाचेतून सुटून मागे जातो. मग खुंटीला धरायला काही उरत नाही, आणि खण आत ओढला जात नाही. पेचकसाच्या टोकाने आकडा पुढे ओढून खाचेत कलंडवला की ‘टक्’ आवाज येतो आणि काम संपते. वारंवार सुटत असेल तर आकड्याचे टोक झिजले आहे किंवा खण तिरका चालतो आहे. तुटलेला आकडा चिकटवून टिकत नाही. त्याच्यावर प्रत्येक वेळी खणाचा धक्का बसतो आणि डिंकाचा सांधा काही दिवसांत सुटतो.

डॅम्परची परीक्षा बोटाने होते. आकडा हाताने सोडावा. तो दबत दबत मागे गेला तर डॅम्पर ठीक आहे. फटकन गेला तर तेल गळले आहे. डबीभोवती चिकट तेलकट डाग त्याची साक्ष देतो. गेलाच नाही तर स्प्रिंग सुटली किंवा तुटली आहे. सुटलेली स्प्रिंग बारीक पकडीने तिच्या खुंटीवर परत अडकवता येते. गळालेला डॅम्पर घरी भरता येत नाही, कारण तो कारखान्यातच बंद केलेला असतो. त्यात मशीनचे तेल भरण्याचे प्रयोग करू नयेत. थंडीच्या दिवसांत खण नेहमीपेक्षा सावकाश आणि उन्हाळ्यात थोडा लवकर मिटतो, हे तेलाच्या दाटपणामुळे असते. सिलिकॉन तेलात हा फरक खनिज तेलापेक्षा कमी पडतो, म्हणून तेच वापरतात. एवढ्या फरकाला बिघाड समजू नये.

छर्‍यांची पट्टी वाकली असेल किंवा काही छर्रे गळून पडले असतील तर ते चॅनल संपले. मात्र जड चालणाऱ्या चॅनलमध्ये पुष्कळदा फक्त पीठ आणि फोडणीचा चिकटा बसलेला असतो. कोरड्या ब्रशने पीठ झाडावे, मग साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पट्ट्या पुसाव्यात आणि लगेच कोरड्या कराव्यात. रॉकेलने चिकटा लवकर निघतो, पण ते डबीच्या प्लास्टिकलाही अपाय करू शकते. खोबरेल तेल लावण्याची सवय तर सोडावीच: ते काही महिन्यांत चिकट होते आणि नवे पीठ धरून ठेवते. लावायचेच असेल तर छर्‍यांवर सिलिकॉनचा अगदी हलका फवारा पुरे.

ढिले स्क्रू हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. मोठे झालेले छिद्र तसेच ठेवून जाड स्क्रू पिळला तर त्याचे डोके चॅनलच्या खोबणीतून वर येते आणि सरकणारी पट्टी त्यावर आपटते. त्याऐवजी छिद्र भरावे. या भागात बांबूची कामटी सहज मिळते. तिची बाहेरची कडक बाजू तासून निमुळती काडी करावी, फेविकॉल लावून छिद्रात ठोकावी, रात्रभर सुकू द्यावी, पृष्ठभागाशी सपाट कापावी आणि मध्यभागी नवे बारीक छिद्र पाडावे. 18 मिलिमीटर फळीला 16 मिलिमीटरचा चपट्या डोक्याचा स्क्रू योग्य असतो; लांब स्क्रू पलीकडच्या सनमायकाला फुगवटा आणतो.

हे सर्व करूनही डॅम्पर, आकडा किंवा छर्रे गेलेलेच असतील तर चॅनल बदलावे लागते. काही कंपन्या डबी सुटी विकतात, पण बाजूच्या चॅनलमध्ये ती बहुधा रिबिटने जोडलेली असते. बदलताना दोन्ही बाजूंची जोडी बदलावी. एक नवे आणि एक जुने असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या जोराने ओढतात आणि खण तिरका होतो. चॅनलची लांबी मिटलेल्या अवस्थेत मोजतात. बाजारात 10 ते 22 इंचांपर्यंत दोन-दोन इंचांच्या फरकाने मापे मिळतात. पट्टीची उंची बहुधा 45 मिलिमीटर असते, पण जुन्या हलक्या चॅनलमध्ये 35 मिलिमीटरही आढळते. जुने चॅनल सोबत नेणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग.

बसवण्याआधी कपाटाची आतली रुंदी पुढे आणि मागे मोजावी. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो सनमायकाच्या पट्टीने भरून काढावा. फरक तसाच ठेवून बसवलेले महागातले चॅनलही सुरळीत चालत नाही, आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या इथेच फसतात. मग गुण्याने आडवी रेघ मारावी, दोन्ही बाजूंना एकाच मापाचा लाकडी गुटका टेकवून चॅनल त्यावर ठेवावे आणि कपाटाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत घ्यावे. खणाचे दर्शनी फळकूट कपाटाच्या आत बसणारे असेल तर त्याच्या जाडीएवढे आणखी आत. सुरुवातीचे स्क्रू लांबट छिद्रांत आणि सैल लावावेत. खण चढवून, पुढे-मागे चालवून, फळकुटाच्या फटी सारख्या झाल्यावरच स्क्रू आवळावेत आणि शेवटी गोल छिद्रांत उरलेले स्क्रू घालून माप कायम करावे. खण चढवताना छर्‍यांची पट्टी पुढच्या टोकापर्यंत ओढलेली हवी. ती मागे राहिली आणि खण ढकलला तर नवे चॅनल पहिल्याच दिवशी वाकते.

खणाच्या तळाखाली बसणारे चॅनल, ज्याला सुतार टॅन्डम म्हणतात, त्याची दुरुस्ती काही बाबतींत सोपी आहे. पुढच्या बाजूला तळाखाली दोन पकडी असतात. त्या दाबल्या की खण सुटतो. खणाची उंची याच पकडींवरच्या चकतीने किंवा कळीने जुळवता येते. पण याची मापे प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. अनेक बनावटींत खणाची आतली रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा 42 मिलिमीटरने कमी लागते. त्यामुळे बाजूचे चॅनल काढून त्याच खणाला टॅन्डम बसवणे सहसा जमत नाही. नवा खणच करावा लागतो. बदलताना त्याच कंपनीचे, त्याच मालिकेचे चॅनल मागवावे. पट्टीवर कोरलेला किंवा छापलेला क्रमांक यासाठी उतरवून घ्यावा.

ज्या साध्या चॅनलमध्ये डॅम्पर मुळात नव्हताच, तिथे सुटा डॅम्पर कपाटाच्या मागच्या बाजूला बसवता येतो. तो खणाला ओढून घेत नाही, फक्त आपटू देत नाही. छर्रे आणि पट्ट्या चांगल्या असतील तर गळक्या सॉफ्ट-क्लोज चॅनललाही हा उपाय चालतो, आणि पूर्ण जोडी बदलण्यापेक्षा स्वस्त पडतो.

नवे चॅनल घेताना खोक्यावर किती उघडझापींची चाचणी झाली हे लिहिलेले असते. आकडा 50,000 असेल तर त्याचा अर्थ घरगुती हिशेबात काढावा. चमचे-पळ्यांचा खण दिवसाला 30 वेळा उघडला तर वर्षाला सुमारे 11,000 उघडझापी होतात, म्हणजे साडेचार वर्षांत चाचणीचा आकडा गाठला जातो. पाहुण्यांच्या भांड्यांचा खण तेवढ्यापर्यंत कधीच पोचणार नाही. म्हणून सगळ्या स्वयंपाकघराला एकाच प्रतीचे चॅनल घेण्याऐवजी रोजच्या दोन-तीन खणांना उत्तम आणि बाकीच्यांना साधे घेणे जास्त शहाणपणाचे. जुन्या जोडीतले एक चॅनल चांगले असेल तर ते भंगारात देऊ नये. दुसऱ्या खणाचा आकडा किंवा जीभ मोडेल तेव्हा तिथला सुटा भाग त्याच्यावरून काढता येतो.